खंड कुणी पाडला?

(वस्तीतल्या एका युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय 'संसार सांभाळून शिक्षण'. विषय ठरवणारी पोरं घरी आली होती. म्हणाली, ताई, तुम्ही दोन लेकरांच्या आई झाल्यावर कॉलेजात गेलात, मास्तरीण झालात, हे फार प्रेरणादायी आहे, तेवढं सांगा. प्रेरणा-बिरणा मला देता येत नाही. प्रेरणेवर फी भरता येत नाही आणि आई लेक्चरला गेली म्हणून प्रेरणा पोराची शी धुवायला येत नाही. मी हिशेब सांगणार आहे. काय दिलं, कुणी दिलं, काय मिळालं आणि कुणाकडं किती बाकी आहे. त्यात तुमचंही खातं निघेल. राग आला तर येऊ द्या.

आधी तारखा. दहावी झाले १९९० ला. १९९१ ला लग्न. १९९३ ला मुलगी, १९९५ ला मुलगा. २००१ साली सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि २००२ ला बाहेरून बारावी पास झाले. २००५ ला बी.ए., मग बाहेरून एम.ए., २००८ ला बी.एड., २००९ ला शिक्षण सेवक. आज हायस्कूलात मराठी आणि इतिहास शिकवते. सगळं मिळून अर्जाच्या चार ओळी. पण १९९० ते २००१ ही जी अकरा वर्षं आहेत, त्यांना अर्जात एकच शब्द आहे : खंड. कॉलेजवाले त्याला गॅप म्हणतात. आणि तो का पडला याचं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं.

मी ते करायला कोर्टाच्या आवारात टायपिस्टकडं गेले. त्यानं मान वर न करता विचारलं, 'कारण काय घालू? घरगुती अडचण घालतो. सगळे तेच घालतात.' मी म्हटलं, 'घाला.' त्यानं घातलं, मी सही केली. काम झालं.

आता बघा, माझी घरगुती अडचण काय होती. माझा बाप गिरणीत रिंग खात्यात. रिंग खात्यातच का? कारण जास्त पगाराचं विणकाम खातं आमच्या लोकांना बंद होतं. धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा, आणि महाराच्या थुंकीनं सवर्ण कामगार बाटायचा. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारला होता. गिरणी बदलली, साहेब बदलला, तरी आमचं खातं तेच राहिलं. मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. संप कुणी संपवलाच नाही, तो नुसता सुकत गेला. ज्यांना परत घेतलं नाही त्यात बाप होता. परळची खोली गेली, आम्ही मानखुर्दला खाडीच्या कडेला आलो. बाप वॉचमन झाला. दहावीनंतर एकाचीच फी भरता येणार होती, ती भावाची भरली. मी उजवली गेले.

म्हणजे बघा. जात, गिरणीमालक, सरकार, बापाच्या मनातली पोराची माया आणि पोरीचं ओझं, एवढ्या सगळ्यांनी मिळून माझ्या शिक्षणात खंड पाडला. कागदावर मात्र 'घरगुती अडचण'. जसं काही दूध उतू गेलं आणि मी गॅसपाशी थांबले.

मी इतिहास शिकवते, म्हणून माझी एक खोड आहे. आपल्या मोठ्या माणसांच्या तारखा मी शेजारीशेजारी मांडते. तुम्हीही मांडा.

जोतीरावांचं लग्न १८४० ला झालं. त्याआधीच त्यांची शाळा सुटली होती आणि ते मळ्यात काम करत होते. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांना समजावलं, आणि १८४१ ला जोतीराव पुन्हा शाळेत गेले. म्हणजे लग्न झालेला, शाळा सुटलेला पोरगा परत बाकावर बसला. सावित्रीबाई तर लग्नानंतरच अक्षर शिकल्या, शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, आणि १८४८ ला पुण्यात मुलींच्या शाळेत उभ्या राहिल्या. १८५५ ला या दोघांनी दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. त्याच वर्षी त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला.

बाबासाहेब बघा. नोव्हेंबर १९१८ पासून ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. साडेचारशे रुपये पगार. तिथंही पाण्याच्या भांड्यावरनं सहकाऱ्यांनी हरकत घेतलीच. १९२० ला ती नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला शिकायला गेले. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडनं उसने घेतलेले पाच हजार. तेव्हा त्यांचा यशवंत सात वर्षांचा होता. म्हणजे बाबासाहेब एका लेकराचा बाप असताना परत विद्यार्थी झाले. डी.एससी. मिळाली १९२३ ला. नंतर गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवलं, १९३५ ला तिथंच प्रिन्सिपॉल झाले.

शांताबाई कांबळे. 'माझ्या जल्माची चित्तरकथा' लिहिणाऱ्या. १९४२ पासून सोलापूरकडं जिल्हा बोर्डाच्या शाळेत मास्तरीण. संसार, लेकरं, नवऱ्यानं दुसरी केली तो जाच, हे सगळं पाठीवर घेऊन त्यांनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षांचं प्रशिक्षण १९५२ ला पुरं केलं. जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. १९८१ ला रिटायर. २०२३ ला वारल्या. पँथरचे अरुण कांबळे त्यांचेच चिरंजीव. तुम्ही पोस्टरवर पोराचा फोटो लावता, आईचा लावत नाही, म्हणून सांगितलं.

उर्मिला पवारांनीही नोकरी आणि लेकरं सांभाळून एम.ए. केलं. त्यापायी घरात काय झालं ते त्यांनी 'आयदान'मध्ये लपवलेलं नाही.

आता सांगा, यातला कुणाचा खंड पडला नव्हता? पहिलीपासून पंधरावीपर्यंत सरळ रेषेत शिकणं ही ज्यांच्या घरात चार पिढ्या पुस्तकं होती त्यांची रीत आहे. आपली रीत तुटत तुटत शिकायची आहे. म्हणून तिशीतली आई पहिल्या वर्षाच्या वर्गात बसली तर तिथं काही चमत्कार झालेला नसतो. ती आपल्या घराण्याच्या चालीनंच चाललेली असते.

पण बाबासाहेबांच्या त्या तारखांमध्ये एक नाव मी मुद्दाम मागं ठेवलं. रमाई. साहेब लंडनच्या ग्रंथालयात होते तेव्हा इथं मुंबईत घर रमाईनं रेटलं. हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो, गाण्यात गातो, गहिवरतो. माझा तुम्हाला साधा सवाल आहे. तुमच्यातला एखादा एम.पी.एस.सी.चा अभ्यास करतो तेव्हा त्याच्या घरात आई, बहीण, बायको अशा तीन-तीन रमाई असतात. मी कॉलेजात निघाले तेव्हा माझी रमाई कोण व्हायला तयार होतं?

आमचे हे माथाडी. वाशीच्या मार्केटात. चळवळीतले. नामांतराच्या मोर्चात लाठी खाल्लेले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला त्या रात्री निळीनं माखून घरी आले, लहानग्या पोरीला खांद्यावर घेऊन नाचले. हाच माणूस २००१ ला मला म्हणाला, 'आता शिकून काय कलेक्टर होनार हायस?' मी म्हटलं, 'विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायला सोळा वर्षं लढलात, आता त्या नावाच्या दारातनं बायको आत गेली तर चालंल का न्हाई?' बोलले नाहीत. उठून बाहेर गेले. मी फॉर्म भरला.

माझी रमाई झाली माझी सासू. अंगठाबहाद्दर. स्टेशनबाहेर केळी विकायची. म्हणाली, 'जा तू. सकाळची पोरं म्या बघते, केळी दुपारच्याला इकीन. पर नापास झालीस तर तोंड दावू नगंस.' तिनं सकाळचा धंदा सोडला. म्हणजे माझ्या बी.ए.ची अर्धी फी त्या म्हातारीनं न विकलेल्या केळ्यांत भरली. हे कुठल्या पावतीवर नाही म्हणून इथं सांगते.

सकाळच्या कॉलेजाची गोष्टही समजून घ्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ला निघाली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं ते सकाळच्या वर्गांचं, म्हणजे पोरगा शिकून दहाला कामावर हजर होईल. ही सोय नव्हती, ते धोरण होतं. मी ज्या कॉलेजात गेले ते हे नव्हे. पण सकाळी सातला वर्ग ही वाट कुणी पाडली ते माहीत असावं.

साडेपाचला उठून भाकरी. सहाच्या आतबाहेरची हार्बर. सातला वर्ग. साडेदहाला सुटून परत. पोरं बाराच्या पाळीच्या म्युनिसिपाल्टीच्या शाळेत पोचवायची. मग चेंबूरला चार घरची धुणीभांडी. सातला घर. पोरांचा अभ्यास आणि माझा अभ्यास एकाच दिव्याखाली. मुलगी चौथीत होती. ती मला मराठीची धुळाक्षरं विचारायची नाही, मीच तिला इंग्रजी स्पेलिंग विचारायची.

वर्गात पहिल्या दिवशी मी गेले तर पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं मॅडम आल्या. मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा जो हशा झाला तो आठ दिवस चालला. मग परीक्षा आली, आणि माझ्या वह्या फिरायला लागल्या. हशा बंद.

शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन ऑफिसात गेले. तिथला कारकून म्हणाला, 'या वयात स्कॉलरशिप मिळत नाही. मुलांचे फॉर्म भरा, बाई.' मी म्हटलं, 'नियम दाखवा.' तो म्हणाला, 'नियमच आहे.' मी म्हटलं, 'असेल तर कागद असेल. कागद दाखवा.' तीन दिवस रोज गेले. चौथ्या दिवशी समाजकल्याणच्या कचेरीत जाऊन नियमांची प्रत आणली आणि टेबलावर ठेवली. त्यात वयाची ती ओळ शोधून त्याला सापडली नाही. फॉर्म घेतला. मित्रांनो, ज्यांना वाटतं शिष्यवृत्ती म्हणजे सरकारची खैरात, त्यांना सांगा की मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हापासून. तिच्यासाठी भांडलेला माणूस एकेका डॉलरचा हिशेब ठेवून कोलंबियात शिकला होता. म्हणून खिडकीवर कुणी 'नाही' म्हटलं की पहिला शब्द एकच : कागद दाखवा.

बी.एड. तेव्हा एका वर्षाचं होतं. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. म्हणजे आज माझ्यासारखीला आणखी एक वर्ष धुणीभांडी. तिथं सूक्ष्मपाठ, पाठ टाचणं, सरावपाठ. फळ्यावर अक्षर कसं काढायचं, प्रश्न कसा विचारायचा, हे सगळं मला फार आवडलं. खोटं कशाला बोलू, त्या वर्षी मला कळलं की मला हेच काम करायचं होतं. पण पहिल्याच सरावपाठाला निरीक्षक बाईंनी वहीत शेरा मारला : 'उच्चार अशुद्ध. न आणि ण मधील फरक स्पष्ट नाही.' मी वर्गात 'पानी' म्हटलं होतं.

मी रात्रभर पाणी पाणी घोकलं. ण जिभेवर बसला, आता बसलेलाच आहे. पुस्तकाची भाषा आपल्या पोरांना यायलाच पाहिजे, त्याशिवाय दरवाजा उघडत नाही. पण त्या पाठाला वर्गात चाळीस पोरं होती. त्यातल्या तीस पोरांच्या घरात पानीच होतं, तेही सार्वजनिक नळाचं. त्या दिवशी कधी हात वर न करणाऱ्या पोरांनी हात वर केले, हे निरीक्षक बाईंच्या वहीत कुठं लिहायची जागा नव्हती. आजही मी वर्गात 'पानी' म्हणणाऱ्या पोराला हसू देत नाही. आधी त्याचं उत्तर बरोबर म्हणते, मग फळ्यावर 'पाणी' लिहिते. क्रम उलटा केला की पोरगं गप्प होतं, ते कायमचं.

जोतीरावांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढं लेखी निवेदन दिलं. त्यात दोन गोष्टी होत्या. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आणि मास्तर शेतकरी-कष्टकरी जातींतनं घ्या, जे पोरांमध्ये मिसळतील. पहिली गोष्ट साऱ्या देशाच्या कायद्यात यायला २००९ उजाडलं, तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दुसऱ्या गोष्टीवर अजून भांडण चालू आहे.

कसं ते सांगते. कुमुद पावडे संस्कृतात एम.ए. झाल्या, चांगल्या मार्कांनी. नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्न झालं, आडनाव पावडे झालं, आणि मग नेमणूक झाली. त्यांनी 'अंतःस्फोट'मध्ये लिहून ठेवलंय की नोकरी पावडेला मिळाली, सोमकुंवरला नाही. हे जुनं झालं म्हणाल. तर माझं ऐका. बी.एड. झाल्यावर एका संस्थेत मुलाखतीला गेले. शाळा चांगली, संस्थाचालक भाषणात फुले-शाहू-आंबेडकर म्हणणारे. पाठ घेतला, चांगला झाला. मग आतल्या खोलीत बोलावलं. 'जागा राखीव आहे, तुमच्याच समाजाची आहे, आम्ही तुम्हालाच घेऊ. इमारत निधीला सहा लाख द्या.' राखीव जागेचाही लिलाव! मी घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, 'कर्ज काढू. माथाडीच्या पतपेढीतनं.' मी म्हटलं, 'नको. सहा लाख देऊन जी बाई वर्गात उभी राहील, ती ते वसूल करायला क्लास काढील, आणि क्लासला जे पोरगं येणार नाही त्याच्याकडं वर्गात बघणार नाही.' वर्षभर मी रात्रशाळेत तासावर शिकवलं आणि दिवसा भांडी घासली. दोन्हीकडं मला 'बाई'च म्हणायचे. दुपारी 'बाई, कढई नीट घासा', रात्री 'बाई, गणित समजलं नाही'. मराठीत हा शब्द एकच आहे, हे बरंच आहे. विसर पडत नाही.

त्या रात्रशाळेनं मला मास्तरीण केलं. कुरिअरचा पोरगा, नाक्यावरचा बिगारी, हॉटेलातला वेटर, दोन लेकरांची आई. दिवसभर कुणीतरी 'ए' म्हणून हाक मारलेली ही माणसं हजेरीला पूर्ण नावानं उभी राहायची. मी हजेरी सावकाश घ्यायची. तेवढी पाच मिनिटं ज्याला जी मिळतात ती मिळू द्यावीत.

२००९ ला अनुदानित शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागले, पैसा न देता. महिना चार हजार. तीन वर्षं. ही शिक्षण सेवक योजना २००० साली आली. पूर्ण शिक्षकाचं काम, सेवकाचा पगार. प्राथमिकला तीन हजार, माध्यमिकला चार. नंतर सहा आणि आठ झाले, आणि २०२३ ला सोळा आणि अठरा. माझ्या चार घरच्या भांड्यांचे अडीच हजार व्हायचे. म्हणजे बारावी, बी.ए., एम.ए., बी.एड. या सगळ्या पायऱ्यांची किंमत महिना दीड हजार. हे गणित मी पोरांना सांगत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही त्यावर मोर्चा काढू शकता.

आता घरातला जमाखर्च. २०१० ला माझा मुलगा नववीत नापास झाला. सगळी वस्ती माझ्याकडं बघायला लागली. 'आय शिकली, प्वार गेलं.' नातेवाईक बोलले, चळवळीतले भाऊ बोलले, शाळेतल्या एक बाई बोलल्या. बापाला कुणी एक अक्षर विचारलं नाही. बापानं कधी त्याची वही उघडली होती का, एका वर्गात सत्तर पोरं कोंबणाऱ्या शाळेनं त्याला कधी नावानं ओळखलं होतं का, हे कुणाच्या मनात आलं नाही. मी तो ठपका घेतला नाही. आजही घेत नाही. मी त्याला घेऊन बसले, तो दहावी झाला, आय.टी.आय.ला गेला, आज इलेक्ट्रिशियन आहे. मुलगी नर्स झाली. पण ती नर्स झाली त्याचं श्रेय लोक 'चळवळीच्या संस्कारा'ला देतात आणि मुलगा नापास झाला त्याचा दोष आईच्या कॉलेजला. असा हिशेब कुठल्या वाण्याकडंसुद्धा नसतो.

आणि त्याच वर्षी आमच्या घरात एक गोष्ट झाली. सासू आजारी पडली. मला शाळा, मुलगी कॉलेजात. एके रात्री मी पेपर तपासून उठले तर हे स्टोव्हपाशी. भात लावत होते. करपवला. पण लावला. माथाडी माणूस शंभर किलोची गोण पाठीवर घ्यायचा, त्याला कुकर जड जात नाही. फक्त त्याला कुणी सांगितलेलं नसतं की हीसुद्धा चळवळ आहे. आपल्या पुढाऱ्यांनी तर नाहीच नाही.

आजच्या पोरींचं सांगते. त्यांची वाट माझ्याहून अवघड झाली आहे. महाराष्ट्रात टी.ई.टी. २०१३ पासून आली. दीडशे मार्कांचा पेपर, खुल्या वर्गाला साठ टक्के, आपल्याला पंचावन्न. पाच टक्क्यांवरनं 'सरकारी जावई' म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा, याच टी.ई.टी.त मार्क वाढवून घेतले म्हणून २०२२ ला साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. पैशानं घेतलेल्या मार्कांना कुणी 'कोटा' म्हणत नाही. कॉलेजांत कायम जागा भरायच्या सोडून तासावर माणसं घेतात. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली आपली पोरं तासाप्रमाणं पैसे घेतात, तेही सहा-सहा महिन्यांनी. २०१८ ला विभागवार रोस्टर आणून केंद्रीय विद्यापीठांतल्या आपल्या जागा खाल्ल्या जाणार होत्या. देशभर पोरं रस्त्यावर आली, तेव्हा २०१९ ला कायदा करून ते मागं घ्यावं लागलं. म्हणजे रस्त्याचा उपयोग होतो. पण नेमकं काय मागायचं ते माहीत पाहिजे.

म्हणून मी चार गोष्टी मागते. सरकारकडं दोन, तुमच्याकडं दोन.

सरकारकडं पहिली : सकाळच्या आणि रात्रीच्या प्रत्येक वर्गाला जोडून पाळणाघर. सायकल स्टँड असतो, कँटीन असतं, तसं पाळणाघर. प्रत्येकीला माझी सासू मिळत नाही. दुसरी : तासावरची भरती बंद करून मंजूर जागा भरा. आणि सरकारी भरतीत मागासवर्गीयांना वयाची अट त्रेचाळीस आहे, तिच्यात लेकरं वाढवण्यात गेलेली वर्षं धरा. आम्ही ती वर्षं झोपून काढली नाहीत.

तुमच्याकडं पहिली : पुढच्या महिन्यात वस्तीत टेबल टाका. दहावी-बारावी सुटलेल्या बायांची यादी करा. सतरा नंबरचा फॉर्म, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, जे लागेल ते त्यांच्याबरोबर जाऊन काढून आणा. आमच्या शाळेत पालकसभेला येऊन अंगठा टेकवणाऱ्या, नाहीतर चार अक्षरांची सही करणाऱ्या आयांना मी थांबवून घेते. आत्तापर्यंत अकराजणींचे फॉर्म भरले. सातजणी पास झाल्या. एक अंगणवाडी सेविका झाली. एक आज या सभेत बसली आहे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचं नाव तिनं स्वतः सांगावं, मी सांगणार नाही.

दुसरी मागणी आत्ताची, याच मंडपातली. मागं बघा. मागं, दाराजवळ. लेकरं घेऊन कोण बसलंय? बायाच बसल्यात. पोर रडलं की बाई उठून बाहेर जाते. माझ्या भाषणात आत्तापर्यंत पाचजणी बाहेर गेल्या, मी मोजल्या. त्यांनी जोतीरावांचं ऐकलं तर बाबासाहेबांचं हुकलं, रोस्टरचं ऐकलं तर सतरा नंबरचा फॉर्म हुकला. 'शिका' हा आदेश पहिला आहे, आणि तो या सभेत निम्म्या लोकांना पुरा ऐकू येत नाही. पुढच्या ओळीतले तुम्ही दहाजण मघापासून वह्यांत लिहून घेताय. वह्या मिटा. उठा, आणि एकेक पोर घ्या. माझ्यानंतर संघटनेच्या बांधणीवर भाषण आहे ना? ते त्या बायांना बसून ऐकू द्या. तुम्ही बाहेरून ऐका, लाऊडस्पीकर आहे.

हां. असं. डोक्याखाली हात धरा त्याच्या.

जयभीम.